थांबवा, टेंभुर्णी आली!

टेंभुर्णीच्या बाजारगल्लीत भुजंगरावांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तिथं युरिया घ्यायला गेलेला माणूस एक विनोदी कथा ऐकल्याशिवाय बाहेर पडत नाही. पडू देत नाहीत म्हणा ना! पोतं खांद्यावर, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि भुजंगराव चष्मा कपाळावर चढवून म्हणतायत, "थांब की लेका, खरी गंमत तर पुढंच हाय!" गाव मोठं सोशिक. ऐकून घेतं, "हौ, लई भारी" म्हणतं आणि पोतं सावरत चालू लागतं. हसत मात्र कुणी नाही. आपल्या विनोदावर समोरचा माणूस खदाखदा हसलाय, हे सुख साठी उलटली तरी भुजंगरावांना मिळालेलं नव्हतं. आणि त्यांच्या ज्या एका विनोदावर सगळा तालुका हसला, त्यानं त्यांचा भाऊच तोडला.

झालं होतं असं. गावात कसल्याशा सत्काराचा कार्यक्रम होता आणि भुजंगरावांचे थोरले बंधू सर्जेराव मंचावर बसले होते. माजी सरपंच, मोसंबीची मोठी बाग, पांढराशुभ्र पटका आणि मिशा अशा की समोरचा आधी मिशांना नमस्कार करायचा आणि मग त्यांना. आदल्या रात्री मोसंबीच्या गाडीपायी त्यांना जागरण घडलेलं, पहाटे एसटीनं परत आलेले, आणि इकडं भाषणं काही संपेनात. बसल्या बसल्या डोळा लागला. निवेदकानं त्यांचं नाव पुकारलं, शेजारच्यानं कोपर मारलं, आणि सर्जेराव ताडकन उठून थेट माइकवर ओरडले, "थांबवा! थांबवा! टेंभुर्णी आली!"

आता टेंभुर्णी कुठं जाणार होती? होती तिथंच होती बिचारी.

लोक जरा हसले. सर्जेरावही मिशीतल्या मिशीत हसले आणि भाषणाला लागले. विषय तिथंच मिटला असता. पण पहिल्या रांगेत भुजंगराव बसले होते ना! विनोदी लेखकाच्या पुढ्यात असं काही सांडल्यावर तो ते उचलल्याशिवाय राहतो होय? त्यांनी कथा लिहिली आणि जालन्याच्या एका दिवाळी अंकात छापूनही आणली. दादाची ओळख लपवावी एवढी अक्कल त्यांना होती, म्हणून नाव बदललं. सर्जेरावचं गर्जेराव केलं. एक अक्षर बदललं म्हणजे कुणाला कळणार नाही, अशी त्यांची समजूत. धन्य तो लेखक!

तरीही अंकानं फारसं बिघडवलं नाही. वाचणारा घरी एकटा असतो, गालातल्या गालात हसतो, पान उलटतो आणि जेवायला बसतो. खरा घोळ पुढं झाला. कॉलेजातल्या कुण्या पोरानं ती कथा वाचली आणि तिची रील केली. खोटी मिशी, टॉवेलचा पटका, घोरण्याचा आवाज आणि ते एक वाक्य. बस! भुजंगरावांनी सहा पानं खर्ची घालून जे उभं केलं होतं ते पोरानं चुटकीत उरकलं, आणि ते इतकं चाललं की विचारू नका. सर्जेराव मंठ्याला पाहुण्यांकडं गेले, पाहुण्यांची पोरं दाराआडून ओरडली, "टेंभुर्णी आली!" वडीगोद्रीला हायवेवर चहाला थांबले, तर हॉटेलवाला ओळखीचं हसत म्हणाला, "बसा काका, टेंभुर्णीला अजून टाइम हाय." सर्जेरावांनी एसटीत बसणंच सोडलं. कंडक्टरचं तोंड कोण धरणार?

वडीगोद्रीहून ते घरी आले ते तळपायाची आग मस्तकात घेऊनच. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "परक्यानं हसं केलं असतं तर सोसलं असतं. आजपासून भुजंग मला न्हाई अन् मी भुजंगला न्हाई!" तेव्हापासून तीन वर्षं अबोला. भुजंगरावांचं घर दुकानाला लागूनच आणि सर्जेरावांचं बरोबर समोर, सकाळी दोघं एकाच वेळी दात घासायला ओट्यावर येणार, एकमेकांकडं पाठ करून चुळा भरणार आणि आत जाणार. बघणाऱ्याला हसू यायचं, पण भुजंगरावांच्या घशाखाली सकाळचा चहा उतरायचा नाही, हे मीनाबाईंना, त्यांच्या बायकोला, पक्कं ठाऊक होतं.

त्यात आता सर्जेरावांच्या राजनंदिनीचं लग्न ठरलं. भुजंगरावांना मूलबाळ नाही. ही पोरगी त्यांच्याच खांद्यावर बसून बाजार बघत मोठी झालेली, दुकानातल्या पोत्यांवर झोपलेली. पुढं संभाजीनगरला नाटकाचं शिकली, तिथंच नोकरीला लागली, तरी गावी आली की आधी काकाच्या दुकानात. आणि तिच्याच लग्नाच्या पत्रिकेत काकाचं नाव नाही! सर्जेरावांनी मजकूर लिहून काढला, त्यात मेव्हण्याच्या साडूपर्यंत सगळे आले, ग्रामपंचायतीचे आजी-माजी आले, आणि सख्खा भाऊ गाळला. आपल्याकडं पत्रिका आली की माणूस तारीख नंतर बघतो, नावं आधी बघतो. कुणाचं आहे, कुणाचं नाही, कुणाचं कुणाच्या खाली गेलं. आणि ज्याचं नाव नाही त्यानं मांडवात यायचं नसतं. आला तर अक्षता त्याच्या हातावर पडतात, पण डोळे सगळ्यांचे त्याच्या पाठीवर असतात.

भुजंगराव माफी मागायला गेले नव्हते असं नाही. गेले होते! मीनाबाईंनी सदरा इस्त्री करून दिला, दारातून बजावून सांगितलं, "नुसतं 'चुकलं' म्हना. त्याच्यापुढं एक शब्द बोलू नका." समोरच्या ओसरीत सर्जेराव बाजेवर झोपलेले. उठवावं कसं, म्हणून भुजंगराव पायाशी बसून राहिले, मनात 'चुकलं, चुकलं' घोकत. थोड्या वेळानं सर्जेराव दचकून जागे झाले, इकडंतिकडं बघितलं आणि झोपेतच म्हणाले, "कुटं... कुटवर आलो?" आणि भुजंगरावांच्या तोंडून ते जे हसू फुटलं! ओठ चावले, सदऱ्याचा बोळा तोंडात कोंबला, पण छे! शेवटी सर्जेरावांनी काठी शोधायला सुरुवात केली तेव्हा भुजंगराव चपला हातात घेऊन घरी पळाले, अर्धे रडत, अर्धे हसत.

"तुमच्या जिभेला हाड न्हाई ते न्हाई, तोंडाला दार बी न्हाई," मीनाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

तोड काढली ती राजनंदिनीनं. दुकानात आली, पोत्यावर मांडी घातली आणि म्हणाली, "काका, बाबांचं हसं चार लोकांत झालं. मंग माफी पन चार लोकांतच पायजे. तरुण मंडळाचा वर्धापन दिन हाय, त्यात नाटक करा. विनोदीच करा. पन या बारीला हसं तुमचं होऊ द्या."

"माझं?"

"तुमचंच. कुनीच हसत न्हाई अशा लेखकाचं नाटक लिहा. बाबा मंडळाचे अध्यक्ष हैत, त्यांना यावंच लागतंय. मी त्यांना सांगितलंय. ते म्हनले, बघतो. पन ते वाक्य नाटकात आलं की उठून जानार. दुसऱ्या दिवशी पत्रिका जालन्याला राधेश्यामशेठच्या प्रेसवर जानार हाय. मंग माझा बी इलाज न्हाई, काका."

ते वाक्य कुठलं, हे तिनं सांगितलं नाही आणि भुजंगरावांनी विचारलं नाही.

भुजंगरावांनी दुकान मीनाबाईंवर सोपवलं आणि नाटक लिहून काढलं. तालमी दुकानामागच्या गोदामात सुरू झाल्या. लेखक स्वतः भुजंगराव, लेखकाची बायको मीनाबाई, दिग्दर्शन राजनंदिनीचं. आणि मांडव-लाउडस्पीकरवाला फकरोद्दीन, दोघा भावांचा लंगोटीयार, फुकट सल्ला द्यायला. पहिलीच तालीम झाली. संपल्यावर गोदामात इतकी शांतता पसरली की उंदीर पोतं कुरतडताना ऐकू आला.

फकरोद्दीननं कागद हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. "भुजंग, यार, यात हसायचं कुटं हाय?"

"हे काय! कंसात हाय ना."

आणि खरंच होतं ते. भुजंगरावांचा सगळा विनोद कंसात असायचा. आयुष्यभराची खोड ती. कागदावर लिहिलं होतं : 'लेखक (ज्याला आपण लेखक आहोत असं फक्त त्यालाच वाटतं) : अहो, चहा देता का? (ती देत नाही. लग्न झाल्यापासून दिलेला नाही. तो स्वतःच करून पितो आणि तिचे आभार मानतो.)' वाचताना मजा येत होती. तालमीत काय झालं? भुजंगराव म्हणाले, "अहो, चहा देता का?" आणि मीनाबाई नुसत्या उभ्या राहिल्या. कंस कागदावरच राहिला.

"काका," राजनंदिनी हसू दाबत म्हणाली, "पुस्तक वाचनारा मानूस तुमच्या कानाशी बसल्यावानी असतो. त्याला हळूच सांगितलेलं ऐकू येतं. रीलवाल्याला तर सांगायलाच लागत न्हाई, त्यानं मिशी दाखवली की झालं. पन स्टेजवर कंस दिसत न्हाईत हो! जे बोललं न्हाई ते झालंच न्हाई."

"मंग काय कंसाला पाय लावून स्टेजवर उभं करू?" भुजंगराव चिडले.

फकरोद्दीननं मांडीवर थाप मारली. "बिलकुल! करू ना उभा! मी व्हतो कंस. बाजूला माइक घेऊन उभा राह्यतो. तू तुझं बोल, कंसातलं मी बोलतो. बराबर हाय का न्हाई?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. आणि तिथंच फकरोद्दीननं आपल्या व्यवस्थित स्वभावाला अनुसरून जालन्याच्या ड्रेसवाल्याला फोन लावला. "नाटक हाय आमच्यात. एक लेखक, एक बायको, एक कंस. लेखकाचे अन् बायकोचे कपडे घरचेच हैत. फक्त कंसाचा ड्रेस पाठवा. अंगानं भरलेला हाय, बराबर बसंल असा बघा. अन् जल्दी पाठवा." त्याच्या मनात साधा काळा कुडता होता. ड्रेसवाल्याच्या मनात काय होतं ते कार्यक्रमाच्या दिवशी दिवेलागणीला कळलं, जेव्हा टेम्पोतून खोकं उतरलं.

खोक्यात सोनेरी मुकुट होता. छातीवर बांधायचं चिलखत होतं, लाल शेला होता, कानापर्यंत वळवलेली दाढीला जोडलेली मिशी होती आणि तळाशी थर्माकोलची एक गदा होती. वर चिठ्ठी : 'कंस. गदा परत करताना मोडू नये.'

राजनंदिनी मटकन खाली बसली. भुजंगरावांना तर घामच फुटला. बाहेर माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर सर्जेराव येऊन बसले होते, आणि इथं मामा कंस!

"आता काय करायचं रे?" भुजंगरावांनी विचारलं.

"करायचं काय!" फकरोद्दीननं मुकुट डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "शोभतो की मला. खर्चा झालाय, तर घालतोच."

पडदा उघडला. डाव्या बाजूला भुजंगराव टेबलाशी लिहीत बसलेले, मागं मीनाबाई तांदूळ निवडतायत, आणि उजव्या बाजूनं मुकुट, चिलखत, गदा अशा थाटात फकरोद्दीन येऊन माइकपुढं उभा राहिला. गावाला काही कळेना. पुढच्या रांगेत भाजीवाली झुंबरबाई बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, हा तर कंस! मंग किसन कुटं हाय?"

लोक फिसकन हसले. फकरोद्दीन अस्सल कलावंत. त्यानं झुंबरबाईकडं गदा रोखली आणि म्हणाला, "किसन न्हाई. मी ह्या भुजंगच्या कागदातला कंस हाय. तो जे मनात ठिवतो ते मी बोलतो!" पोरांना शाळेतला कंस आठवला, म्हाताऱ्यांना मथुरेतला, आणि दोन्ही एकाच मुकुटाखाली आलेले बघून मांडवात एकच गलका उडाला.

भुजंगरावांनी घसा खाकरला. "मी लेखक आहे."

कंसानं माइकवर गडगडाट केला, "असं फकस्त त्यालाच वाटतंय!"

आणि मांडव फुटला. फुटला म्हणजे अक्षरशः! मागच्या खांबाला टेकलेली पोरं खांब हलेपर्यंत हसली. भुजंगरावांनी जे कानात कुजबुजल्यासारखं लिहिलं होतं, ते एक राक्षस मुकुट घालून गर्जून सांगत होता. भुजंगराव दचकले. हे काय झालं? त्यांना लोकांच्या हसण्याची सवयच नव्हती. ते घाबरून भराभर पुढचं वाक्य बोलायला लागले आणि ते हशात बुडून गेलं. पडद्याआडून राजनंदिनी ओरडली, "काका, थांबा! हसू द्या त्यांना!"

थांबले. आणि मग कळलं त्यांना, की कागदावर पूर्णविराम असतो तिथं स्टेजवर श्वास असतो. आपण थांबायचं, लोकांनी हसायचं, हसू उतरणीला लागलं की पुढचं वाक्य सोडायचं. फार लवकर नाही, फार उशिरा नाही. चक्की कशी धान्य ओढते, तसं चाललं होतं ते.

"अहो, चहा देता का?"

मीनाबाईंनी तांदळातला खडा काढून त्यांच्याकडं भिरकावला. हे काही लिहिलेलं नव्हतं.

"लगीन झाल्यापासून दिला न्हाई," कंस म्हणाला, "तोच करतो, तोच पितो, अन् वर तिचे आभार मानतो!"

बायका पदर तोंडाला लावून एकमेकींच्या अंगावर पडल्या. झुंबरबाई तर "खरं हाय गं, खरं हाय" म्हणत मीनाबाईंकडं बोट करून डोळे पुसत होती. भुजंगरावांच्या डोक्यात ते हसू चढलं. उभ्या जन्मात न मिळालेलं असं ओंजळीनं मिळायला लागल्यावर कुणाला चढणार नाही? त्यांचं बोलणं सुटलं, हात सुटले. स्वतःच्या डोक्यावरच्या टकलावर, स्वतःच्या कथांवर, युरिया घ्यायला येऊन अडकलेल्या गिऱ्हाइकावर, सगळ्यावर हशा उसळत होता. एकच माणूस हसत नव्हता. सर्जेराव. सोफ्यावर ताठ बसलेले, दोन्ही हात काठीवर, मिशी जागची हलत नव्हती.

मग तो प्रवेश आला. लेखकाचा सत्कार. लेखक खुर्चीवर बसून नाव पुकारण्याची वाट बघतो आणि शेवटी शाल शेजारच्या भलत्याच माणसाला मिळते, असा. भुजंगरावांनी तो निरागसपणे लिहिला होता. खुर्चीवर बसले, वाट बघण्याचा अभिनय म्हणून डोळे मिटले, आणि तेवढ्यात आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मंचावर खुर्ची. खुर्चीवर डोळे मिटलेला माणूस. समोर अख्खी टेंभुर्णी.

मागून एक पोरगं हळूच म्हणालं, "ए... आता... आता बघ..."

अख्खा मांडव पुढं झुकला. कुणी हसत नव्हतं, पण सगळ्यांच्या पोटात हसू तयार होतं, नुसतं कुणीतरी दार उघडायची खोटी. भुजंगरावांना ते डोळे मिटूनसुद्धा दिसत होतं. इतका मोठा हशा त्यांनी जन्मात बघितला नव्हता आणि तो त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. ताडकन उठायचं, माइक धरायचा, एक वाक्य. रीलवाल्या पोराच्या तोंडात मारल्यासारखं होईल! त्यांनी डोळे किलकिले केले. सर्जेरावांची बोटं काठीवर घट्ट आवळली होती आणि एक पाय पुढं सरकला होता, उठायच्या तयारीनं. आणि दादाचं तोंड? ते रागावलेलं नव्हतं. ते घाबरलेलं होतं. एवढा डोंगराएवढा माणूस आपल्याच गावाच्या हसण्याला घाबरून बसला होता. भुजंगरावांना एकदम भडभडून आलं. हे आपण केलं, आपण!

त्यांनी ते वाक्य गिळलं. आख्खं गिळलं. आणि त्याच्याबरोबर नाटकातली पुढची सगळी वाक्यंही पोटात गेली.

काही म्हणजे काही आठवेना. भुजंगराव उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. राजनंदिनी आडून वाक्य सुचवत होती, ते ऐकू येईना. फकरोद्दीननं घाईघाईनं कागद उलटेपालटे केले आणि माइक बंद आहे अशा समजुतीनं कुजबुजला, "या अल्ला, इथं तर कंसच न्हाई!" ते सगळ्या मांडवानं ऐकलं. हसले लोक, पण थोडंच. मग ते हसूही विरलं. भुजंगराव घामानं डबडबलेले, ओठ नुसते हलतायत, आवाज नाही. कुणीतरी खोकलं.

आणि सर्जेराव उठले.

"गेले," राजनंदिनी आडून म्हणाली आणि तिनं तोंडावर हात घेतला. वाक्य आलं नव्हतं, तरी उठले. काठी टेकत ते दाराकडं वळण्याऐवजी पुढं आले. स्टेजच्या कडेला भाषणांचा माइक अजून तसाच उभा होता. त्यांनी तो मिशीजवळ ओढला. सर्जेरावांनी धाकट्या भावाकडं नीट बघितलं, तीन वर्षांनी पहिल्यांदा. घाई केली नाही. लोकांनी श्वास रोखेपर्यंत थांबले, आणखी एक क्षण थांबले, आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "आरं भुजंग, हुबा काय राह्यलास? गाडी थांबली. टेंभुर्णी आली. उतर आता!"

काय सांगावं त्यानंतर काय झालं! झुंबरबाई खुर्चीसकट आडवी झाली. कंसाचा मुकुट गळून पडला, तो उचलायला वाकला तर चिलखत तुटलं, आणि हसता हसता फकरोद्दीन स्वतः गदेवर बसला. गदा मोडली. लोक एकमेकांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. स्टेजवर भुजंगराव हसत होते, रडत होते, नाक पुसत होते. नाटकाचे उरलेले प्रवेश कुणी मागितलेसुद्धा नाहीत.

गर्दी पांगली तेव्हा सर्जेराव निघून गेले होते. कुणाशी काही न बोलता.

घरी आल्यापासून भुजंगराव येरझाऱ्या घालत होते. "दादा माझ्याशी बोलले, मीना. सगळ्यांदेखत बोलले! मिटला ना अबोला?"

"माइकवर बोलले," मीनाबाई म्हणाल्या. "माइकवरचं बोलनं धरत नसतेत. सकाळी ओट्यावर बघू."

सकाळी ओट्यावर सर्जेराव आले. पाठ करून चूळ भरली आणि आत गेले. भुजंगरावांचा दात घासायचा ब्रश तोंडातच राहिला. तो दिवस तसाच गेला, पुढचेही गेले. राजनंदिनी संभाजीनगरला परतली होती, फोनवर म्हणाली, "मला काय बी सांगत न्हाईत, काका. पत्रिका स्वतः घेऊन गेल्ते प्रेसवर." युरिया घ्यायला आलेल्या माणसांना भुजंगराव मुकाट्यानं पोतं द्यायला लागले. गाव काळजीत पडलं. एक-दोघांनी तर स्वतःहून विचारलं, "आज कथा न्हाई का हो?"

आठवड्यानं फकरोद्दीन पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. मोड्या गदेवरून ड्रेसवाल्याशी भांडून आलेला, तरी चेहरा असा गंभीर की त्यावरून काही ओळखू येईना. त्यानं एक पत्रिका गल्ल्यावर ठेवली आणि पोत्यावर जाऊन बसला.

भुजंगरावांनी चष्मा लावला. निमंत्रक : सर्जेराव, मग मेव्हणे, मग मेव्हण्याचे साडू. स्वागतोत्सुक : सगळी भावकी, एकेक करून वाचली. व्यवस्थापक, विनीत, आशीर्वाद. पान उलटलं. ग्रामपंचायतीचे आजी-माजी, सोसायटीचे, मंडळाचे. मंठ्याचे पाहुणे. तालुक्यातलं एक नाव सुटलं नव्हतं. फक्त त्यांचं नव्हतं. त्यांनी पत्रिका हळूच मिटली आणि गल्ल्यावर ठेवली. "चांगली छापली," एवढंच म्हणाले.

मीनाबाईंनी ती उचलली. त्या बायकांच्या पद्धतीनं खालून वर वाचायला लागल्या, आणि पहिल्याच ओळीला अडखळल्या. मग पदर तोंडाला लावला. मग खांदे हलायला लागले. मग त्या सरळ युरियाच्या पोत्यावर बसल्या आणि हसू आवरेना म्हणून नुसतंच बोट दाखवत राहिल्या.

अगदी तळाशी, फुलांच्या नक्षीत, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ असते ना, ती होती : 'आमच्या लाडक्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली किलबिल मंडळींची नावं. कु. अक्षता, चि. सोमेश्वर, फकरोद्दीनचा नातू चि. अबुबकर. आणि शेवटी, सगळ्यांत शेवटी, चि. भुजंग.

फकरोद्दीन आता पोट धरून पोत्यावरून खाली घसरला होता. भुजंगरावांनी ती ओळ एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली. ते उठले, तसेच अनवाणी गल्ली ओलांडून समोरच्या ओसरीवर गेले. सर्जेराव बाजेवर बसून पत्रिकांवर कुंकू लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दादा," भुजंगराव पत्रिका पुढं करून म्हणाले. "हे काय केलं? माझं नाव लेकरांत टाकलं?"

सर्जेरावांनी पत्रिका हातात घेतली, ओळीवर बोट ठेवून नीट वाचली आणि मिशी न हलवता विचारलं, "काहून? छापायला चुकलं का काय? तू ल्हाना न्हाईस का माझ्याहून?"

भुजंगरावांनी कुंकवाची वाटी पुढं ओढली.

"हौ, हाय की," ते म्हणाले, आणि दादाच्या पायाशी बसून कुंकू लावायला लागले.